पवित्र गुरुवारच्या चित्रासाठी प्रेरणा कुठून आणावी?

तुम्ही लिहिलंय की चर्चमध्ये वेदीच्या बाजूच्या भिंतीसाठी पवित्र गुरुवारचं, म्हणजे येशूने मरणाआधी शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाचं चित्र करायचं आहे, पण कच्चं रेखाटन करायला बसलं की लिओनार्दो दा विंचीच्या प्रसिद्ध चित्रातलंच मेज उमटतं. मी चर्चसाठी चित्रं काढतो, त्यामुळे ही अडचण चांगली ओळखीची आहे. माझं सांगणं एवढंच, की थोडे दिवस दुसऱ्यांची चित्रं बघणं थांबवा आणि बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय मोठ्याने वाचा. मग चर्चमध्ये जाऊन त्या भिंतीसमोर बसा.

लिओनार्दोने रंगवली ती ‘तुमच्यातलाच एक मला धरून देईल’ हे ऐकल्यावर उडालेली खळबळ. योहानाकडे त्याच्या आधी एक वेगळाच प्रसंग येतो. येशू जेवणावरून उठतो, वरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुऊ लागतो. तुम्ही हाच क्षण घ्यावा असं मला मनापासून वाटतं. लिओनार्दोच्या मिलानमधल्या त्या चित्रात येशूचे पाय आता दिसतही नाहीत. १६५२ साली भिंतीत दार काढलं तेव्हा तेवढा भाग गेला.

या प्रसंगात आपल्या माणसाला भिडणारं खूप आहे. आपल्याकडे पाय धुतले जातात ते गुरूंचे, लग्नात नवरदेवाचे, दारी आलेल्या वारकऱ्यांचे. वाकतो तो लहान, हे आपल्या अंगात मुरलेलं. इथे गुरूच गुडघे टेकून बसलाय आणि त्याचा शिष्य पेत्र म्हणतोय, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. त्याचा संकोच मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्याचा हात कुठे असेल, पाय किती आखडला असेल, हे तुम्ही घरातल्या कुणाला तरी तसं बसवून पाहा. इंग्लंडमध्ये चित्रकार फोर्ड मॅडॉक्स ब्राउनने १८५२ मध्ये हाच प्रसंग दाखवला, तेव्हा अपुऱ्या वस्त्रांतला येशू लोकांना सहन झाला नाही आणि त्याला पुढे कपडे रंगवावे लागले. वचनात मात्र वस्त्रं काढून ठेवल्याचं स्पष्ट आहे.

अध्याय सावकाश वाचलात तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा बाहेर पडतो तो तिसाव्या वचनात, म्हणजे पाय धुऊन झाल्यानंतर. त्याचेही पाय धुतले गेले आहेत. त्याला तुम्ही कुठे बसवणार? त्याचे पाय ओले दाखवणार, की त्याची पाळी यायची आहे? मला विचाराल तर अख्खं चित्र या एका निर्णयावर उभं राहील. त्याला काळवंडलेल्या चेहऱ्याचा खलनायक करू नका. त्या रात्री बाकीच्यांनाही तो कोण हे कळलं नव्हतं.

आता भिंत. इटालियन चित्रकार तिंतोरेत्तोने १५४८-४९ च्या सुमारास व्हेनिसच्या सान मार्कुओला चर्चसाठी हा प्रसंग रंगवला. ते चित्र आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात येशू आणि पेत्र पार उजव्या टोकाला, मध्ये मोकळी फरशी आणि एक कुत्रा, तर एक शिष्य दुसऱ्याच्या पायातलं ओढून काढतोय. समोरून ते विस्कटलेलं वाटतं. पण चित्र लागणार होतं बाजूच्या भिंतीवर, आणि उजवीकडून तिरकं पाहिलं की सगळं जुळून येतं. तुमचीही भिंत बाजूचीच आहे. बाकांवरच्या माणसाला ती कशी दिसते, पवित्र गुरुवारी फादर पाय धुतात ती जागा कुठे येते, हे आधी बघा.

वेशभूषेबद्दल थोडं. गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघ या ख्रिस्ती संस्थेच्या आश्रमात राहून काम करत राहिले. येशूची आई मरिया साडीत रंगवली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. गोव्यातल्या पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास-संशोधन केंद्रात त्यांची चित्रं आहेत. जमलं तर जरूर जा, पण तुमचं पहिलं रेखाटन झाल्यावर. तिथे कळतं की नुसता फेटा चढवून चित्र आपलं होत नाही. बसणं, उठणं, पदर सावरणं हे सगळं आपलं असावं लागतं.

म्हणून खरे पाय रेखाटा. तुमच्या चर्चला येणाऱ्या माणसांना विचारून त्यांच्या टाचांच्या भेगा, चपलेच्या पट्ट्याची खूण, वाकडी झालेली करंगळी वहीत उतरवा. बायकांचेही काढा, पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोमच्या बालसुधारगृहात पाय धुतले तेव्हा त्यांत मुलीही होत्या. बारा शिष्यांचे पाय तुम्हाला त्याच वहीत सापडतील. रंग लावण्याआधी भिंतीच्या मापाच्या कागदावर कोळशाने सगळं मांडून फादरना दाखवा, कारण यहूदाच्या जागेवरून चर्चा होणारच.

भिंतीजवळची खिडकी कोणत्या बाजूला आहे ते कळवा. चित्रातला उजेड त्याच बाजूने यायला हवा, आणि गंगाळातल्या पाण्यावर तो कसा पडेल हे त्यावरूनच ठरेल.