गाडी कोपऱ्यातच का अडकते?

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत सहावीची मुलं मायक्रोबिटवर (प्रोग्राम करता येणारा तळहाताएवढा संगणक) चालणारी छोटी गाडी प्रोग्राम करतात. अडथळा आला की ती उजवीकडे वळते. पण कपाट आणि भिंतीच्या कोपऱ्यात शिरली की तिथंच घुटमळते. काय करावं?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, गाडी बिघडलेली नाही; तिला दरवेळी तोच हुकूम मिळतोय. अडथळा दिसला की आधी ती थोडी मागं घ्या, मग ० किंवा १ यांतला एक यादृच्छिक, म्हणजे आधी न ठरलेला, अंक काढा. ० आला तर डावीकडे, १ आला तर उजवीकडे. वळण्याचा वेळही ३०० ते ९०० मिलिसेकंदांत बदलता ठेवा. अंक काढायचा ठोकळा (प्रोग्राममधली सूचना) मात्र लूपच्या, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आतच हवा. बाहेर राहिला तर अंक एकदाच निघतो. निपाणीतली माझी मुलं हमखास इथंच अडतात. मी लगेच सांगत नाही, आलेला अंक मायक्रोबिटच्या २५ दिव्यांवर दाखवायला लावतो. सारखा शून्यच दिसला की पोरं आपणहून ठोकळा ओढून आत टाकतात.

त्याआधी एका मुलालाच गाडी करा आणि लुडोचा फासा टाका : सम पडलं तर डावीकडे, विषम तर उजवीकडे. लागोपाठ तीनदा सम पडलं की ‘फासा खोटा आहे’ म्हणून भांडतील. तो वाद होऊ द्या, तास गेला तरी चालेल.