दाढी-मिशा राहू द्या, आधी नकाशा उघडा

म्युनिकहून एका भगिनीने लिहिले आहे: “काकू, मंडळाची शिवजयंती तोंडावर आली आहे आणि माझा बारा वर्षांचा मुलगा मावळ्याचा वेश घालायला साफ नकार देतो आहे, मित्र हसतील म्हणतो. त्याला आपल्या इतिहासाची आवडच नाही. नाशिकला सासूबाई व्हिडिओ कॉलची वाट पाहत बसतील, त्यांना काय सांगू? शिवाय तारीख की तिथी यावरून मंडळात दोन तट पडले आहेत आणि वर्गणीही वाढली आहे.”

तुमची तगमग मला कळते. फेब्रुवारीच्या थंडीत भाड्याच्या हॉलमध्ये भगवे झेंडे लावताना मुलाने पाठ फिरवली की आईला आपणच कुठेतरी कमी पडलो असे वाटू लागते. पण “आवडच नाही” हे तुमचे वाक्य मला मान्य नाही. तुमच्या चार पानी पत्रात फेटा, अंगरखा आणि तलवार कुठून मागवली याचे सविस्तर वर्णन आहे. मुलाला महाराजांविषयी काय सांगितले, याबद्दल मात्र एक ओळही नाही. मग त्याने आवड धरायची ती कशाची?

आम्ही इंग्लंडात असताना माझ्या पुतण्याला असेच मंचावर उभे केले होते. घामाने डिंक सुटला, दाढी एका बाजूने लोंबू लागली आणि ते बिचारे पोर एका हाताने दाढी दाबून दुसऱ्या हाताने तलवार उगारत घोषणा देत राहिले. टाळ्या भरपूर पडल्या. घरी आल्यावर माझ्या दिरांनी त्याला शिवनेरी कोणत्या जिल्ह्यात आहे असे विचारले, तेव्हा त्याला जुन्नरचे नावही ठाऊक नव्हते.

म्हणून माझे सांगणे असे की वेशभूषा यंदा राहू द्या आणि मुलाला आपल्या नाशिक जिल्ह्याचा नकाशा दाखवा. आपल्याकडे एक विचित्र समजूत आहे की शिवकाळ घडला तो पुणे, सातारा आणि रायगडाकडे, आणि नाशिककरांच्या वाट्याला फक्त रामकुंड व द्राक्षे आली. तुमचे माहेर दिंडोरीचे, असे तुम्हीच लिहिता. सुरतेची दुसरी लूट घेऊन परतताना ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांची मोगल सरदार दाऊदखानाशी वणी-दिंडोरीची लढाई झाली, आणि त्या लढाईत ते स्वतः होते. ज्या मुलाच्या आजोळच्या मुलखात हे घडले, त्याला ते कोणीच सांगितलेले नसावे, याचे मला खरोखर वाईट वाटते.

त्याहून मोठे प्रकरण साल्हेरचे. बागलाणातला हा किल्ला सुमारे १,५६७ मीटर उंच आहे आणि राज्यातल्या किल्ल्यांमध्ये त्याच्याहून उंच दुसरा नाही. १६७२ मध्ये मोगल सरदार इखलासखानाचा वेढा पडलेला असताना महाराजांनी कोकणातून मोरोपंत पिंगळ्यांना आणि वरघाटाने प्रतापराव गुजरांना असे दोन बाजूंनी धाडले. मराठे सहसा डोंगराच्या आडोशाने लढत. येथे मात्र त्यांनी उघड्या मैदानात मोगलांचा पराभव केला. धुरळा इतका उडाला की आपले कोण आणि परके कोण ते दिसेना, असे बखरकार सभासदाने लिहून ठेवले आहे. मराठ्यांचे सरदार सूर्यराव काकडे येथेच पडले.

हे सारे मुलाला एका दमात ऐकवू नका. त्याला दोन वाटा दाखवा आणि विचारा: दोन्ही फौजा एकाच वेळी कशा पोहोचल्या असतील, निरोप कसे गेले असतील, हा किल्ला मोगलांना का हवा होता? सुरतेकडून येणारी वाट नकाशावर बोटाने काढली की शेवटचे उत्तर त्याचे तोच देईल. माझ्या मुलीने अशाच प्रश्नांवरून हट्ट धरला आणि आम्ही सुट्टीत आलो तेव्हा आम्हा दोघांना साल्हेरवाडीच्या बाजूने वर चढवले. माथ्यावरच्या परशुरामाच्या मंदिरापर्यंत माझे गुडघे बोलत होते, तिचे तोंड बोलत होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे, हेही त्याला सांगा. ज्या मित्रांच्या हसण्याची त्याला भीती वाटते, त्यांनाही तो हे शाळेत सांगू शकेल.

मंडळाकडून त्याच्यासाठी दहा मिनिटे मागून घ्या. पडद्यावर नकाशा लावून त्याला साध्या सदऱ्यात, ज्या भाषेत तो मोकळा बोलतो त्या भाषेत, साल्हेरची लढाई समजावू द्या. मराठीच बोल असा आग्रह या वर्षी नको. सासूबाईंना तेच व्हिडिओवर दाखवा, आणि डिसेंबरात नाशिकला याल तेव्हा नातवाबरोबर त्यांना पेठ रस्त्यावरच्या रामशेजला पाठवा. चढ बेताचा आहे, आणि संभाजी महाराजांच्या काळात त्या लहानशा किल्ल्याने मोगलांना कित्येक वर्षे कसे झुंजवले, ते सांगायला त्यांना आवडेल.

तारखेच्या वादात पडू नका. शासनाची १९ फेब्रुवारी आहे, तिथी फाल्गुन वद्य तृतीया आहे, आणि तुमचा हॉल मिळणार आहे तो शनिवारी. वर्गणी जमत असेल तर द्या, नसेल तर खजिनदारांना तसे स्पष्ट सांगा. त्यासाठी मला पत्र लिहिण्याची गरज नव्हती.