आजी दुधाच्या पिशव्या का धुते?

प्रिय बाळा,

परवा झोपताना तू विचारलंस, "आई, आजी गाइत्सिग आहे का?" तुझ्या ओठांवर जर्मन शब्दच आधी येतो. मी "उद्या सांगते" म्हणाले आणि दिवा मालवला. आज दोन दिवस झाले. बोलायला बसले तर गळा दाटेल आणि तू घाबरशील, म्हणून लिहून देते आहे. मराठीत लिहिते आहे. अडलं तर बाबांना विचार, पण शक्यतो स्वतः वाच.

तू डोंबिवलीला जे पाहिलंस ते अगदी खरं आहे. आजी दुधाची पिशवी कापते तेव्हा कोपऱ्याचा तुकडा सुटू देत नाही. पिशवी रिकामी झाली की आत घोटभर पाणी घालून खळबळते आणि ते पाणी चहाच्या आधणात ओतते. मग पिशवी उलटी करून धुते आणि ओट्यामागच्या टाइल्सवर चापून चिकटवते. वाळली की ती आपोआप सुटून पडते. महिन्याभराच्या पिशव्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याकडे जातो. घर स्वतःचं आहे, मामा चांगला कमावतो, आणि आपण निघताना याच आजीने तुझ्या मुठीत पाचशेची नोट कोंबली. तुला दोन्हींचा मेळ लागेना, हे मी समजू शकते.

गाइत्सिग म्हणजे आपल्याकडचा चिक्कू, कंजूष. आजी चिक्कू नाही. श्पारसाम म्हणजे काटकसरी, तशी ती नक्कीच आहे. पण एवढ्याने उत्तर पुरं होत नाही. त्यासाठी तुला तिसरा एक शब्द शिकावा लागेल, आणि त्याला जर्मन शब्द मला अजून सापडलेला नाही. तो शब्द आहे मिंधं. कुणी आपल्यावर उपकार केला, तो आपण फेडू शकलो नाही, आणि मग त्या माणसासमोर आपली मान वर होत नाही, बोलायचं असलं तरी शब्द फुटत नाही, त्याला मिंधं होणं म्हणतात. "कुणाचं मिंधं व्हायला नको", हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की ते मला आजीच्याच आवाजात आठवतं.

आमची खोली लालबागला होती. दहा बाय बाराची, संडास बाहेर, सामाईक. तुझे आजोबा कापड गिरणीत साचेखात्यात होते. पगाराच्या दिवशी आजी जमिनीवर बसून पैशांचे ढीग लावायची. भाडं, दूध, वाणी, रेशन, रॉकेल, शाळा, गावी मनीऑर्डर. प्रत्येक ढीग वेगळ्या डब्यात किंवा पाकिटात जायचा. मग वही उघडायची, वर "श्री" लिहायचं, खाली तारीख. त्या वहीत अगदी शेवटी एक ओळ असायची: किरकोळ. हा शब्द लक्षात ठेव, मी परत त्याच्याकडे येणार आहे.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. डॉ. दत्ता सामंत त्यांचे पुढारी होते. सगळ्यांना वाटलं, दोन-तीन महिन्यांत तडजोड होईल. वर्ष उलटलं तरी झाली नाही. तो संप मागे घेतला असं कुणी कधी रीतसर जाहीरच केलं नाही. कितीतरी गिरण्या पुढे बंद पडल्या. आपण मागे ज्या मोठ्या मॉलमध्ये गेलो होतो, तिथे गिरणी होती. तू तिथली उंच चिमणी पाहून "ही कशासाठी?" विचारलं होतंस.

मी तेव्हा पाच वर्षांची होते. ढीग लावणं बंद झालं, हे मला कळलं होतं. कारण मात्र कळलं नव्हतं. आजोबा मिळेल ते काम शोधायला सकाळी बाहेर पडायचे. आजीने मसालेवाल्यांकडून मिरच्या आणायला सुरुवात केली. लालबागला मसाल्याची मोठी पेठ आहे. वाळलेल्या लाल मिरच्यांची देठं खुडून द्यायची, किलोवर पैसे मिळायचे. खोलीभर मिरच्यांचा खकाणा, सगळे खोकत असू. रात्री मी तिला बिलगायला गेले की ती हात वर धरून झोपायची. "हात लावू नकोस गं, जळजळेल." मला वाटायचं, ती माझ्यावर रागावली आहे.

त्या वर्षात घरात काहीही वाया गेलं नाही. दोडक्याच्या शिरा काढल्या की त्यांची तीळ घालून चटणी. शिळ्या भाकरीचा कांदा घालून कुस्करा. आजीची जुनी साडी आधी माझा परकर झाली, मग वाकळेचा थर, आणि उरलेल्या काठाची पिशवी. मामाचे शर्ट तर कायम "वाढत्या अंगाचे" असायचे, बाह्या दोन घड्या घालून. (गेल्या हिवाळ्यात मी तुझं जाकीट तसंच घेतलं म्हणून तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. माझ्या हाताला ती सवय आहे, बाळा.) गावाहून जोंधळ्याचं पोतं यायचं. गावी मनीऑर्डर जायची तिथूनच आता धान्य येत होतं, हे आजोबांना फार लागायचं.

आणि तरी पैसे पुरेनात. आजीच्या पाटल्या मोडल्या. मग एका नातेवाइकाकडून 300 रुपये हातउसने घेतले. ते कोण, हे मी लिहीत नाही. पुढे एका लग्नात जेवणाच्या पंगतीत ते सगळ्यांसमोर म्हणाले, "खा, खा, घरी काय मिळतंय सध्या, मला ठाऊक आहे." आजोबा ताटावरून उठले नाहीत. अन्नाचा अपमान करायचा नाही म्हणून खाली मान घालून जेवले. मी त्यांच्या शेजारी बसले होते. घरी आल्यावर आजीने वही काढली आणि त्या 300 रुपयांसाठी नवं पान केलं. फेडायला जवळजवळ दोन वर्षं लागली. कधी 20, कधी 15, एकदा 5. त्या पानावर शेवटी तिने मोठ्या अक्षरात लिहिलंय: फिटले. ते पान अजून आहे. पुढच्या वेळी तुला दाखवायला सांगते.

दुधाच्या पिशवीची रद्दी विकून किती मिळतं, हा प्रश्नच नाही रे. तिच्या हाताला ते पान अजून आठवतं.

पण त्याच वर्षात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती सांगितली नाही तर तुला वाटेल की आजी कुणाचंच काही घेत नाही. चाळीतल्या बारा बायकांची भिशी होती. भिशी म्हणजे प्रत्येकीने दर महिन्याला ठरलेली रक्कम घालायची आणि चिठ्ठी काढून जिचं नाव येईल तिने सगळी न्यायची. 20 रुपये महिना, म्हणजे वर्षातून एकदा प्रत्येकीच्या हातात 240 रुपये यायचे. व्याज नाही, कागद नाही, सगळा कारभार विश्वासावर. बारांपैकी सात जणींचे नवरे गिरणीत होते. भिशी मोडायची वेळ आली. तेव्हा एकीने सुचवलं, मोडू नका, 20 ची 5 करा. तशी ती चालू राहिली. मग मला टायफॉइड झाला. त्या महिन्यात चिठ्ठ्या काढल्याच नाहीत. साठ रुपये आणून आजीच्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "यंदा तुझा नंबर आधी." आजीने मागितले नव्हते. त्या पैशांचं मिंधेपण तिला कधीच वाटलं नाही, कारण त्यात तिचेही पाच होते आणि पुढच्या अकरा महिन्यांत तीही भरणार होती. त्या 300 मध्ये आणि या 60 मध्ये काय फरक आहे, याचा मी मोठी होईपर्यंत विचार करत राहिले.

शेजारून आलेली वाटीही तशीच. तू विचारलं होतंस ना, समोरच्या काकूंनी खीर दिली तर आजी वाटी लगेच का परत करत नाही? रिकामी वाटी परत द्यायची नाही, म्हणून. घरात काहीतरी होईपर्यंत ती थांबते. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर घालते.

आता जे मला आवडत नाही तेही लिहिते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. आपल्याकडच्या काटकसरीचा मोठा भाग बायकांनी स्वतःच्या अंगावर काढलाय. आजी सगळ्यांनंतर जेवायची आणि उरेल ते जेवायची. तिला दूध आवडतं, हे मला माझ्या लग्नानंतर कळलं. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा तू तान्हा होतास. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. घाबरलेली होती. साड्यांच्या घड्यांतून, डाळीच्या डब्यातून, देवांच्या फोटोमागून तिने 37,500 रुपये बाहेर काढले होते. अडीनडीला म्हणून वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले. आजोबांनाही माहीत नव्हते. ते बँकेत भरता आले, त्याचं काही नाही. पण आजोबा तिला म्हणाले, "एवढे होते तर दात का नाही बसवून घेतलेस?" ती दोन वर्षं एका बाजूने चावत होती. फोनवर दोघंही गप्प झाले. मी इथे स्टुटगार्टमध्ये फोन धरून उभी होते आणि मला काय बोलावं सुचेना. मग मामाने तिला जवळजवळ ओढतच दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

म्हणून आपल्या घरात आजारपण, दात, डोळे आणि चश्मा यांत काटकसर चालत नाही. तू मला कधी तसं करताना पाहिलंस तर ओरड. माझ्यात ती सवय आहे, मला माहीत आहे.

बाकी मात्र मी आजीकडूनच घेतलंय. 2020 साली तू चार वर्षांचा होतास. करोनामुळे बाबांच्या कंपनीत कुर्त्सआर्बाइट लागलं, कामाचे तास निम्म्यावर आले. बुडालेल्या निव्वळ पगारातला 60 टक्के भाग सरकारकडून भरून मिळत होता. ज्यांच्या घरात मूल आहे त्यांना मात्र 67 टक्के. त्या वर्षी तू घरात 7 टक्के जास्त आणलेस, हे तुला कुणी सांगितलं नसेल. त्या रात्री बाबा लॅपटॉपवर तक्ता करत बसले आणि मी एक कोरी वही घेतली, वर "श्री" लिहिलं. पगार इंटरनेटवरून येतो, ढीग लावता येत नाहीत, म्हणून नावं तेवढी लिहिली: घरभाडं, वीज आणि हीटिंग, विमा, किराणा, किंडरगार्टन. शेवटी किरकोळ. नवं स्वयंपाकघर रद्द केलं. तुझी सायकल फ्लोमार्क्टमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारातून, आणली, ती लाल, जिच्यावरून उतरायला तू तयार नव्हतास. बाबांचे केस मी कापले. आपल्याकडे तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढे पैसे बाजूला होते. ते मी लग्नापासून थोडे थोडे टाकत आले होते, साडीच्या घडीत नाही, बँकेत, आणि बाबांना सांगून. कुणाकडे मागावं लागलं नाही. त्या वर्षी मला आजीची भीती आणि आजीचं बळ, दोन्ही एकदम समजलं.

तुला आठवत असेल तर त्याच वर्षी तू रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये घालायला शिकलास. एका बाटलीचे 25 सेंट, आणि पावती हातात आली की नाचायचास. आजी टाइल्सवर पिशवी चिकटवते तेव्हा तिचा चेहरा बघ कधी नीट.

आता किरकोळ. लहानपणी मला वाटायचं, किरकोळ म्हणजे हेअरपिना, सुया, असलं काहीतरी. पण ती रक्कम कधीकधी घरभाड्याएवढी असायची. आजोबा विचारायचे, "किरकोळ एवढं कसं?" आणि आजी म्हणायची, "असतं घरात काहीबाही." गेल्या उन्हाळ्यात दुपारी तुम्ही झोपला होता तेव्हा मी जुन्या वह्या चाळल्या आणि तिलाच विचारलं. आधी सांगेना. मग एकेक बाहेर आलं. खालच्या मजल्यावरच्या मुलीची परीक्षा फी. भिशीतल्या एका बाईच्या नवऱ्याचं औषध. त्या लग्नातल्या नातेवाइकांचं पुढे वाईट झालं, तेव्हा त्यांच्या घरी गेलेले तांदूळ आणि 200 रुपये. नावं तिने कुठेच लिहिली नाहीत. मी विचारलं, का नाही लिहिलीस? म्हणाली, "वही कुणीही उघडतं. उद्या त्यांच्या मुलांनी वाचलं तर?"

आपण निघालो त्या दिवशीचं पान मी पाहिलंय. दूध, कोथिंबीर, रिक्षा, इस्त्री. आणि खाली तुझी पाचशेची नोट. तीही तिने किरकोळमध्येच टाकली आहे.

ती नोट अजून तुझ्या भूगोलाच्या पुस्तकात आहे, मी पाहिली. तिचं काय करायचं ते तू ठरव. रविवारी फोन लावशील तेव्हा तिला पिशव्यांबद्दल विचारायचं असेल तर विचार, ती रागावणार नाही. आणि दात दुखतायत का, तेही विचार. मला ती खरं सांगत नाही. तुला सांगेल.

तुझी,
आई