वाचकांचे प्रश्न: चर्चमधल्या जुन्या कबरी

प्रश्न: २ नोव्हेंबर, म्हणजे मृतांच्या स्मरणाचा दिवस, जवळ आला की आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) कबरींची साफसफाई सुरू होते. संगमरवरावरची काळी बुरशी फरशीच्या ॲसिडने झटकन निघते. काही ज्येष्ठ मंडळी मात्र नको म्हणतात. का? (वाचक, वसई)

उत्तर: ज्येष्ठांचं ऐका. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड मळासोबत दगडही विरघळवतं. त्या वर्षी कबर पांढरीशुभ्र दिसते, पण खरखरीत झालेल्या दगडावर पुढच्या पावसाळ्यात बुरशी दुप्पट जोमाने धरते आणि कोरलेली अक्षरं उथळ होत जातात. ब्लीचिंग पावडर, तारेचा ब्रश, प्रेशर पंप हेही नकोत. साधं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश पुरे. दगड आधी पूर्ण भिजवा. उभा क्रूस खालून वर घासत जा, कारण कोरड्या दगडावर मळकट पाणी ओघळलं की पट्टे पडतात. एवढ्याने निघालं नाही, तर बेंझाल्कोनियम क्लोराइड या बुरशीनाशकाचं द्रावण बाटलीवरच्या प्रमाणात लावून तसंच सोडा. लावल्यावर एक दिवस कोरडा मिळायला हवा. बुरशी मरून हळूहळू सुटते, म्हणून हे काम सप्टेंबरच्या उघडिपीत उरका. शिशाची अक्षरं सैल असतील तर तिथे ब्रश नको. मेणबत्तीचं मेण सकाळच्या गारव्यात लाकडी पट्टीने उचला.

प्रश्न: विटा-चुन्याच्या कबरीचे सांधे सिमेंटने भरले. आता विटांचेच पापुद्रे निघताहेत.

उत्तर: निघणारच. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, मग ती विटेतून वाट काढते. सोबत आलेले क्षार पृष्ठभागाखाली साठून वीट फोडतात. सिमेंट छिन्नीने काढा, ग्राइंडरने नको. विटेची कड तुटत असेल तर तेवढं सिमेंट राहू द्या. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल मोकळा करून भिजवा आणि १ भाग मुरलेला चुना, ३ भाग चाळलेली नदीची वाळू, असा माल दाबून भरा. खाडीची वाळू फुकट मिळाली तरी मीठ घेऊन येते. वर ओली गोणपाटं किमान ७ दिवस ठेवा. काम नोव्हेंबर ते जानेवारीत करा; चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो, त्याला पावसाआधी काही महिने लागतात. सांध्यात पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, वीटही निघेल. बुंध्याशी कापून त्या ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा.

प्रश्न: वसई किल्ल्यातल्या चर्चमध्ये कबरी थेट जमिनीत कशा? त्यावरचा मजकूर वाचायचा कसा?

उत्तर: पोर्तुगीज काळात मान्यवरांना चर्चच्या आतच पुरत, वेदीजवळची जागा अधिक मानाची. ‘ही कबर अमक्याची व त्याच्या वारसांची’ असा मजकूर अनेक शिळांवर असतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर ही चर्चेस ओस पडली, छपरं गेली, शिळा उघड्यावर आल्या. फ्रान्सिस्कन संन्याशांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये त्या बऱ्याच दिसतील. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका. उन्हं कलल्यावर जा, किंवा टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. खाचांत सावली पडली की अक्षरं उठून दिसतात.