1,820 रुपयांची पेन्शन येते कुठून?

प्रश्न : मी सोलापुरात 24 वर्षं बिड्या वळल्या. 58 पूर्ण झाल्यावर पीएफची पेन्शन सुरू झाली, महिना 1,820. त्यानंतर रुपयाही वाढली नाही. मुलगा म्हणतो, देशात म्हातारी माणसं वाढली, सरकार कुठून देणार? खरं आहे का? राज्य सरकारच्या श्रावणबाळ पेन्शनचा अर्ज करू का? सूनही बिड्याच वळते, वय 30. तिनं काय करावं?
– एक बिडी कामगार, कुंभारी

उत्तर : ताई, आधी तुमचे कागद पाहिले. शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी मजुरी 4,900. तिला नोकरीच्या वर्षांनी गुणून 70 ने भागतात. 20 वर्षं भरली म्हणून दोन वर्षं वाढवून धरतात, म्हणजे 26. उत्तर 1,820 च येतं. पेन्शन काढताना कुणी काही खाल्लेलं नाही. मार बसला तो आधीच. पानं खराब आली, छाट, म्हणजे नापास केलेल्या बिड्या, जास्त निघाली की मजुरी घटते, आणि पेन्शन त्याच मजुरीवर ठरते.

पीएफ पेन्शनच्या या 1995 च्या योजनेत मजुरीच्या 8.33 टक्के मालकाच्या वर्गणीतून आणि 1.16 टक्के केंद्राकडून सामाईक निधीत जातात. 4,900 वर झाले 408 आणि 57 रुपये. केंद्राचा तो 1.16 चा आकडा 1971 च्या कुटुंब पेन्शन योजनेपासून हललेला नाही! महागाई भत्ता या पेन्शनीला नाहीच. किमान पेन्शनही सप्टेंबर 2014 पासून 1,000 वरच अडलीय.

मुलाचं अर्धं खरं. 2011 च्या जनगणनेत साठीपुढचे 8.6 टक्के होते, 2050 पर्यंत पाचवा हिस्सा होतील असा अंदाज आहे. पण त्याला म्हणावं, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक चक्कर मार. टॉवेलच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या पोरांना विचार, पीएफ कापतात का. मालक मंदी सांगतील, आणि मंदी खोटी नाही. तरी आज ज्यांची वर्गणी भरली जात नाही, त्यांचं म्हातारपण उद्या सगळं करातूनच भागवावं लागेल. माझ्या मते खरी गळती इथं आहे.

श्रावणबाळला 65 वय लागतं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत. तुमची पेन्शनच वर्षाला 21,840 होते. 840 रुपयांनी तुम्ही श्रीमंत ठरलात! ही मर्यादा वाढवायला हवी; मतं मागायला येतील तेव्हा हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.

सुनेला केंद्राच्या अटल पेन्शन योजनेत जाता येईल. तिशीत सुरू केलं तर महिना 577 भरून साठीनंतर 5,000. हमी सरकारची, पण रक्कम ठरलेली; तीस वर्षांनी तेवढ्यात किती किराणा येईल कुणास ठाऊक. म्हणून तिचा पीएफ जास्त जपा. कारखाना बदलला की आपल्या बायका लग्नकार्यासाठी तो काढून मोकळ्या होतात. दहा वर्षांची नोकरी भरण्याआधी पेन्शनचेही पैसे काढले, तर ती वर्षं गेलीच.

आणि तंबाखूनं बोटांचे ठसे उठत नसतील, तर हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. दिल्यापासून वर्षभर चालतो.