पडद्यावरची चढाई आणि मैदानावरचा गुडघा

खेळावरचा एखादा चित्रपट गाजला की पुढे महिना-दोन महिने त्याच त्या शंका येतात. विचारणारे खेळाडू असतात, पालक असतात, भरतीची तयारी करणारी मुलं असतात. चित्रपट सर्वांत जास्त लपवतो तो वेळ. हवेत राहण्याचा वेळ, तयारीचा वेळ आणि दुखापत भरून यायला लागणारा वेळ. निवडक प्रश्नांची उत्तरं एकत्र देत आहे.

प्रश्न : नायक उडी मारून तीन-चार सेकंद हवेत राहतो. सरावाने हे जमतं का? (दहावीचा विद्यार्थी, सिडको)

नाही. पाय सुटल्यावर शरीराचा मध्य अर्धा मीटर वर गेला, तर हवेतला एकूण वेळ ०.६४ सेकंद होतो. एक मीटर गेला तर ०.९ सेकंद. चार सेकंद राहायचं म्हटलं तर सुमारे २० मीटर, म्हणजे सहा मजले उंच उडावं लागेल. पडद्यावर दिसतो तो कॅमेऱ्याचा मंद वेग, आणि पुष्कळदा कमरेला बांधून नंतर संगणकावर पुसलेली तार. गच्चीवरून किंवा भिंतीवरून हे करून पाहू नकोस.

प्रश्न : कबड्डीत एकटा चढाईपटू सातही जणांना ओढत मध्यरेषेपर्यंत येतो. खरंच शक्य आहे? (नाशिकरोड)

सातही जण पाय रोवून उभे असतील तर शक्य नाही. माणूस किती जोराने ओढू शकतो, हे त्याच्या पायाची मॅटवर किती पकड आहे यावर ठरतं. समोर सात जणांची, मिळून पाचशे किलोच्या घरातल्या वजनाची पकड असते. खऱ्या सामन्यात चढाईपटू सुटतो तो साखळी जुळायच्या आत. पुरुषांच्या मैदानात ‘निदान रेषा’, म्हणजे चढाईपटूने ओलांडायची रेषा, मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते. तिथून मागे वळून लांब सूर मारला आणि बोट मध्यरेषेला लागलं की काम झालं. बचाव करणाऱ्यांचा तोल पुढे गेला असेल, तर दोघे-तिघे त्याच्यासोबत फरफटत येतात. सराव करायचा तो वळण्याच्या वेगाचा, घोट्याची पकड सोडवण्याचा आणि सूर मारण्याचा. मित्रांना पाठीवर घेऊन ओढण्याने फक्त कंबर दुखावते.

प्रश्न : पहाटे सहा कच्ची अंडी प्यावीत का?

नको, शिजवून खा. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे नव्वद टक्के प्रथिनं अंगी लागतात, कच्च्यातली जेमतेम निम्मी. वर जुलाब-तापाचा धोका आहेच.

प्रश्न : ‘दंगल’ पाहून मुलगी घरी गादीवर भावाला डोक्यावरून मागे फेकायचा सराव करते. असा डाव खरा असतो का? (एक पालक, भगूर)

डाव खरा आहे. प्रतिस्पर्ध्याला उंच उचलून फेकल्यास फ्रीस्टाईल कुस्तीत पाच गुण मिळतात. चित्रपटातला शेवटच्या क्षणाचा थरार मात्र रचलेला आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतली गीता फोगाट (चित्रपट ज्यांच्यावर आहे त्या) यांची अंतिम कुस्ती एकतर्फी झाली होती. घरचा सराव आजच बंद करा. या डावात फेकणाऱ्याची मान कमानीत वाकते आणि पडणारा मानेवर आपटू शकतो. आधी काही महिने मानेची ताकद आणि पडण्याचं तंत्र, मग वस्तादांच्या नजरेखाली मॅटवर डाव. मानेतून हाताकडे मुंग्या येत असतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : पोलीस भरतीला दोन महिने उरलेत. चित्रपटात पाहून रोज टायर ओढतो, पांडवलेणीच्या पायऱ्या पळत चढतो-उतरतो. आता नडगी दुखते. दुखणं अंगवळणी पडेल का? (सातपूर)

पडणार नाही, वाढेल. पडद्यावर तीन मिनिटांच्या गाण्यात तयारी उरकते, हाडाला मात्र ताण पेलायला आठवडे लागतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांनी २०१२ मध्ये सैन्यात असताना रोइंग, म्हणजे वल्ही मारून नौका पळवण्याचा खेळ, सुरू केलं आणि २०१६ ला ते रिओ ऑलिंपिकमध्ये उतरले. एवढी झेपही दुर्मीळ आहे, आणि तिच्यामागे चार वर्षांचा रोजचा सराव आहे.

बोटाने नडगी दाबून पाहा. आतल्या कडेला वीतभर दुखत असेल तर बहुधा स्नायूच्या जोडाला आलेली सूज आहे. बोटभर जागेतच ठणका असेल, रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून ‘फोटो चांगला आला’ यावर निर्धास्त होऊ नका. पायऱ्या पळत उतरणं पूर्ण बंद. टायर आठवड्यातून फार तर दोनदा आणि हलका. पळायचं ते डांबरावर नव्हे, मातीवर, आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर न वाढवता, आणि तेही डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच. परीक्षा १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेकीची आहे. टायरला गुण नाहीत.

प्रश्न : गेल्या महिन्यात कबड्डी खेळताना गुडघ्यात ‘कट्’ आवाज आला. तासाभरात गुडघा टम्म सुजला. मालिश केली, पंधरा दिवसांत सूज उतरली. आता चालता येतं, पण वळताना गुडघा सटकतो. चित्रपटात नायक पट्टी बांधून दुसऱ्या डावात जिंकतो. दोन आठवड्यांनी स्पर्धा आहे, खेळू का? (निफाड)

खेळू नका. दर हंगामात हाच प्रश्न येतो आणि बहुतेक वेळा उशिरा येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आवाज, काही तासांत आलेली सूज आणि नंतर वळताना सटकणं, ही तीन लक्षणं एकत्र असली की पहिला संशय गुडघ्याच्या आतल्या पुढच्या लिगामेंटवर (हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यावर), म्हणजे एसीएलवर येतो. इतक्या लवकर येणारी सूज बहुधा सांध्यात साचलेल्या रक्ताची असते. रक्त शोषलं जातं, सूज उतरते, दुखणं थांबतं आणि ‘बरं झालं’ असं वाटतं. पूर्ण तुटलेलं हे लिगामेंट सहसा आपोआप सांधत नाही. सरळ चालताना त्याची फारशी गरज पडत नाही, म्हणून तुम्ही चालू शकता. पाय रोवून वळलात की मांडीचं हाड नडगीवरून घसरतं आणि मधली गादी, म्हणजे मेनिस्कस, चिरडली जाते. एका तुटलेल्या लिगामेंटचं रूपांतर फाटलेल्या गादीत आणि पुढे ऐन तिशी-चाळिशीत झिजलेल्या गुडघ्यात होतं, ते अशा ‘एवढी एकच स्पर्धा’ खेळण्यामुळे.

क्रेप पट्टी सूज दाबते, हाड धरून ठेवत नाही. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन उतरणं त्याहून वाईट, कारण थांबायला सांगणारी वेदनाच गप्प होते. ताज्या दुखापतीवर मालिश केल्याने रक्तस्राव वाढतो. हाडवैद्याने ‘शीर चढली’ म्हणून ओढून बसवलेल्या गुडघ्यात गादीही फाटू शकते. अशी दुखापत झाल्यावर पहिले तीन दिवस करायचं ते इतकंच : खेळ बंद, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, हलकी पट्टी आणि पाय उशीवर उंच.

आता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. हाताने नडगी पुढे ओढून केलेल्या तपासणीतच बरंच कळतं. एक्स-रेमध्ये फक्त हाड दिसतं, लिगामेंट आणि गादीसाठी एमआरआय लागतो. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असं नाही, पण वळण्याचे खेळ पुढे खेळायचे असतील तर अनेकदा सुचवली जाते, तीही सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावर. त्यानंतर मैदानात परतायला किमान नऊ महिने, आणि दुखऱ्या पायाची ताकद व एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के झाल्यावरच. ‘सहा आठवड्यांत मैदानावर’ असं सांगणाऱ्या जाहिरातीवर एक रुपयाही घालवू नका. गुडघा अडकून सरळच होत नसेल, किंवा पाऊल गार किंवा बधिर पडत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा आहे. नायकाने तीन महिन्यांत शरीर कमावलं म्हणून जिममधून पावडरचा डबा आणि एक ‘कोर्स’ सुचवला आहे. (इंदिरानगर)

‘कोर्स’ म्हणजे काय ते लेखी मागा. बहुतेकदा ती स्टेरॉइड्स असतात आणि या वयात त्यांनी हाडांची वाढ कायमची थांबू शकते. सरळ नकार द्या. अभिनेत्याचं ते शरीर चित्रीकरणाच्या दिवसापुरतं असतं. पाणी कमी केलेलं, शॉटच्या आधी वजनं उचलून स्नायू फुगवलेले, प्रकाश बाजूने टाकलेला. नवशिक्याने महिन्याला अर्धा-एक किलो स्नायू कमावले तरी ते उत्तम. ६० किलोच्या व्यायाम करणाऱ्या मुलाला रोज ७२ ते १०० ग्रॅम प्रथिनं पुरतात. डाळ, मटकी, दूध, दही, अंडी, शेंगदाणे यांतून ती मिळतात. कमी पडत असतील तर आहारतज्ज्ञांना विचारा, डबा विकणाऱ्याला नको.

प्रश्न : डोक्याला मार लागून चक्कर आली, तोंडावर पाणी मारून खेळाडूला पुन्हा उतरवलं तर चालतं का? (शालेय प्रशिक्षक, सिन्नर)

त्या दिवशी अजिबात नाही, तो कितीही ठीक आहे म्हणाला तरी. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर कोवळ्या वयात जीव जाऊ शकतो. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने हालचाल, आणि सामना डॉक्टरांच्या लेखी परवानगीनंतरच. उलट्या, वाढती डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, झोपाळूपणा, फिट किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, यांतलं एकही लक्षण दिसलं तर सामना संपण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा.