खाजणाचा बांध पावसाळ्याआधी

प्रश्न : गोव्यातील चोडण बेटावरील आमच्या खाजणाचा (भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीचा) बांध दर पावसाळ्यात खचतो. गावाने काय करावे?

उत्तर : आधी मानशी, म्हणजे बांधातून पाणी सोडण्या-अडवण्याची झडप, तपासावी. भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी तिची लाकडी दारे मासेमारीच्या सोयीसाठी भरतीच्या वेळीही उघडी ठेवली, की खारे पाणी शेतात शिरते आणि वेगवान प्रवाहाने बांधाच्या पायथ्याची माती धुपते; हा विषय गावात अवघड असला, तरी बैठकीत स्पष्टपणे मांडावाच लागेल. खेकड्यांची बिळे चिखलाने आताच बुजवावीत, कारण मोठे भगदाड बहुधा अशाच दुर्लक्षित छिद्रातून पडते. नदीकडील खारफुटी लाटांचा मारा झेलते. ती तोडू नये. खर्च व देखरेखीसाठी गोव्याच्या १९६४ च्या कूळ कायद्याखालील कूळ संघाची (खाजण कसणाऱ्या कुळांच्या संघटनेची) बैठक मेपूर्वी बोलवावी.